मेहताजी आत आला की लूम थांबायचे

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचते आहे. लिहायचं आज ठरवलं, तेही माझी मैत्रीण अनसूया हिला विचारून. ती म्हणाली, "लिही. सौम्य करून लिहू नकोस, एवढंच."

आधी एक सांगून टाकते. आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. वडील पोस्टात शिपाई होते. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की ते म्हणायचे, "आधी तिला पोटभर जेवायला घाला, मग बघू काय उरतं ते." मी त्यांचीच मुलगी. रस्त्यात उतारा पडलेला दिसला तर मी आजही बाजूने सरळ चालत जाते. पण जे मी भर दुपारी, माणसांनी भरलेल्या शेडमध्ये पाहिलं, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही...

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. भिवंडीत तेव्हा गल्लोगल्ली यंत्रमाग. बाहेरून आलेल्या पाहुण्याला त्या खटाखटीने झोप लागायची नाही, आणि आम्हाला आवाज थांबला की जाग यायची. आवाज थांबला म्हणजे लाईट गेली, दुसरं काही कारणच नसायचं.

मी आणि अनसूया एकाच कारखान्यात कांड्या भरायचो. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची लहान गुंडाळी. धोटा उजवीकडून डावीकडे पळतो, त्या कांडीतला आडवा धागा सुटत जातो आणि कापड बनतं. हा धागा तुटला की लूम आपोआप थांबतो, तशी त्यात सोयच असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. दोन्ही बाजूंना लुमांच्या रांगा, मधून चालायची वाट, आणि अगदी शेवटी कांडीची खोली. खोलीला एकच दार, तेही शेडमध्ये उघडणारं. कडी बाहेरून. आत एक खिडकी होती, पण तिला जाळी, आणि जाळीपलीकडे हातभरावर शेजारच्या कारखान्याची भिंत. त्या कारखान्यातही लूमच.

सकाळी सातला आम्ही दोघी कॉलेजात. अकरापर्यंत लेक्चर्स, मग घरी जाऊन चार घास, आणि बाराला कांडीवर. आठला सुट्टी. कॉलेजातल्या मुली दुपारी घरी जाऊन नोट्स काढायच्या, आम्ही कामावर. अभ्यास कधी करायचा? तर त्याच खोलीत. लुमांच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यातली माणसं ओठ वाचायला शिकतात. आम्हीही शिकलो होतो. मी मशीनवरून मान वर करून ओठांनी प्रश्न विचारायचे, ती समोरून ओठांनीच उत्तर द्यायची. मागणी-पुरवठा, पंचवार्षिक योजना, सगळं असं पाठ झालं. प्रोफेसर एकदा म्हणाले, "तुम्ही दोघी वर्गात उत्तर द्यायच्या आधी ओठ का हलवता?" आम्ही हसलो फक्त.

अनसूया पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातली. आजोबा तेलंगणातून आलेले. वडील आमच्याच कारखान्यात मागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी; राहायचे कारखान्यामागच्या चाळीत. माझ्यापेक्षा ती कितीतरी हुशार. तिच्या वडिलांनी अट घातली होती — बी.ए. एका दमात झालीस तर पुढे बी.एड. कर, मी आडवा येणार नाही. एकदाही अडकलीस, तर सोलापूरचं स्थळ बघून ठेवलंय. माणूस वाईट नव्हता. त्याला पाच मुली होत्या.

आता ज्याच्यामुळे हे लिहिते आहे, त्याच्याबद्दल. आमच्याकडे कारखान्याचा कारभार बघणाऱ्याला मेहताजी म्हणतात, मग त्याचं आडनाव काहीही असो. आमचा मेहताजी पडघ्याकडचा. नाव लिहीत नाही, घरचे लोक आहेत. पण त्याला 'ते' म्हणणं मला जमणार नाही. मी 'तो'च म्हणणार.

त्याचा भाचा आमच्याच कॉलेजात होता. दोनदा दुसऱ्या वर्षाला नापास झाला, मग घरी बसला. आम्ही तिसऱ्या वर्षाला गेलो त्या दिवसापासून मेहताजीच्या पोटात दुखायला लागलं. येता-जाता बोलायचा, "कांडीवाल्या पोरी बी.ए. होनार. मंग कांड्या काय प्रोफेसर भरनार काय?" आम्ही ऐकून घ्यायचो. पोटासाठी माणूस बरंच ऐकून घेतो.

एप्रिलमध्ये परीक्षा लागली. पेपर अकराला सुरू, दोनला सुटायचा. आम्ही त्याच्याकडे गेलो, म्हटलं, पेपरच्या दिवशी तीनला येतो, अकरापर्यंत थांबून काम पुरं करून देतो. तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की आम्हाला बरं वाटलं.

अर्थशास्त्राच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी त्याने अनसूयाला थांबवलं. "उद्या सकाळी जरा लवकर ये गो. व्यापाऱ्याचा माल अडकलाय, कांड्या न्हाईत. दहाला सोडतो तुला. तुजं घर तं मागंच हाय." तो आमच्यासाठी वेळ बदलून देत होता, मग नाही कसं म्हणणार? ती म्हणाली, "येते."

दुसऱ्या दिवशी मी घरून थेट कॉलेजात गेले. अनसूयाचा बाक माझ्या पुढच्या रांगेत. तो रिकामा होता. घंटा झाली, पेपर वाटले, अर्धा तास गेला. अर्ध्या तासानंतर कुणाला आत घेत नाहीत. मी काय लिहिलं मला आठवत नाही. त्या रिकाम्या बाकाकडे बघत मी हात चालवत राहिले.

दोनला सुटले आणि तशीच कारखान्यात पळाले.

कांडीच्या खोलीचं दार उघडं होतं. बशीरभाई दारात उभे होते. बशीरभाई आमचे जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे, उत्तर प्रदेशातले वयस्कर माणूस. त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला म्हणाले, "बेटी, बाहर से कडी लगी थी. कांडी ख़तम हुई तो लेने आया, तब देखा."

आत अनसूया स्टुलावर बसली होती. तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजलेली, सालटं निघालेली. सकाळपासून तिने दार वाजवलं होतं. ओरडली होती, लाथा मारल्या होत्या, लोखंडी सळईने पत्रा ठोकला होता. तिच्या वडिलांची त्या आठवड्यात रात्रपाळी, ते घरी झोपले होते. दारापासून चार पावलांवर माणसं काम करत होती, आणि एकालाही काही ऐकू आलं नाही. लूम चालू होते ना.

ती रडत नव्हती. मी रडत होते.

मेहताजी सूतबाजारातून संध्याकाळी आला. बशीरभाईंनी विचारलं तर म्हणाला, "चुकून लागली असंल. नायतर वाऱ्यानं." वाऱ्याने कडी कोयंड्यात जाऊन बसते, हे मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

अनसूया उठली. शेडच्या मधल्या वाटेवर, चालू लुमांच्या मधोमध, ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी बाजूला होते. तिने आवाज काढलाच नाही, नुसते ओठ हलवले. तीन शब्द. मी वाचले, त्यानेही वाचले.

"तुला ऐकू येईल."

तो हसला आणि निघून गेला.

शेठ तेव्हा मुंबईच्या मार्केटात असायचे, आठवड्यातून एकदा यायचे. त्यांच्या कानावर घातलं. मेहताजीने त्यांनाही वाऱ्याचीच गोष्ट सांगितली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पेपर देता आला असता. मी तिच्या वडिलांच्या पाया पडले, पण ते म्हणाले, "पोरी, अट ती अट. बाकीच्या चौघी बघतायत." मे महिन्यात अनसूयाचं लग्न झालं आणि ती सोलापूरला गेली. जाताना मला म्हणाली, "तू काम सोडू नकोस. तिथेच थांब." मला वाटलं, माझ्या शिक्षणासाठी म्हणतेय.

ती गेली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते सुरू झालं.

दुपार होती, जेवणानंतरची. मी कांडी भरत होते, दार उघडं टाकून. आता ते दार मी कधीच लावत नव्हते. मेहताजी शेडच्या तोंडाशी आला, उंबरा ओलांडला, आणि लूम थांबले.

एक-दोन नाही. सगळे.

मी वर बघितलं, वाटलं लाईट गेली. पण बल्ब जळत होते, पंखा फिरत होता, मोटरी नुसत्याच घूं-घूं करत होत्या. विणकर आपापल्या लुमावर हात ठेवून एकमेकांकडे बघत होते. खोकला, कुणाची तरी चप्पल, बाहेरचा हातगाडीवाला, हे सगळं एकदम ऐकू यायला लागलं. आपल्या शेडला इतके बारीकसारीक आवाज आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

बशीरभाई रांगेने बघत गेले. प्रत्येक धोट्यातला धागा तुटला होता. त्यांनी एक टोक बोटावर घेऊन माझ्यासमोर धरलं. "ये टूटा नहीं है. खींचा है किसी ने."

धागे जोडले, लूम चालू झाले. मेहताजी शिव्या देत बाहेर गेला. थोड्या वेळाने परत आला. उंबऱ्यात पाय पडला आणि पुन्हा सगळं गप्प.

पहिल्यांदा लोक हसले. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणी हसेना. विणकरांची मजुरी कापडाच्या मीटरवर असते, लूम थांबला की त्यांचंच नुकसान. त्यामुळे कोणी मुद्दाम करत असेल हा प्रश्नच नव्हता. आणि मुद्दाम केलं तरी एकाच क्षणी सगळे धागे कोण ओढणार?

त्याने संशय घेतला तो माझ्यावर. कांड्या मी भरत होते ना. सगळ्यांसमोर मला उभं केलं. "हीच सडकं सूत भरती. त्या तेलगू पोरीची मैत्रीण हाय ही." मी म्हटलं, "मग कांड्या दुसरीकडून आणा." त्याने आणल्या, दुसऱ्या कारखान्यातून, पोतं भरून. स्वतः धोट्यात घालून घेतल्या. लूम झकास चालू झाले. तो बाहेर गेला, बिडी ओढली, छाती काढून आत आला — आणि थांबले.

सूत बदललं. वायरमन आणला. दाराला लिंबू-मिरची बांधली, कुठल्याशा बाबाकडून धूप आणून शेडभर फिरवला. धूप घेऊन तो आत फिरत होता तेव्हाही लूम बंदच होते. त्यामुळे धुपाचा गुण आला की नाही, हे कळायलाही मार्ग नव्हता.

एकदा असाच बंद पडलेल्या शेडमध्ये तो उभा होता, आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो लुमांकडे बघतच नव्हता. मान वाकडी करून कांडीच्या खोलीच्या दिशेने कान लावून उभा होता. घामाने सदरा भिजलेला. मला म्हणाला, "कोन वाजवतंय?"

मी म्हटलं, "काय?"

"दार. कोन वाजवतंय दार?"

खोलीचं दार सताड उघडं होतं. कोणीच वाजवत नव्हतं. मी कान देऊन ऐकलं, खरंच काही नव्हतं. मग मला अनसूयाचे ते तीन शब्द आठवले आणि अंगावर काटा आला. पण खरं सांगू? भीतीबरोबर आणखी एक गोष्ट आली... बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं.

पुढे विणकरच त्याला सांगायला लागले, "मेहताजी, आप बाहर से ही बोलो." मग तो उंबऱ्याबाहेर उभा राहून ओरडायचा. आत लूम धडधडत असायचे, त्याचा आवाज कुणापर्यंत पोचायचा नाही. लाल चेहऱ्याने, हात हलवत, घसा ताणून ओरडणारा माणूस, आणि चार पावलांवर कुणालाही पत्ता नाही. मी कांडीच्या खोलीतून बघत बसायचे. त्याचे ओठ मला वाचता यायचे. तरी मी वाचायचे नाही.

जूनमध्ये माझा निकाल लागला. मी पास झाले. बी.एड.ला कल्याणला प्रवेश मिळाला, कॉलेज सकाळचं. कल्याणहून एस.टी. पकडून यायला वेळ लागणार, म्हणून मी शेठना निरोप पाठवला की बाराऐवजी एकला येते आणि नऊपर्यंत थांबते. मधे मेहताजी. त्याने मला बोलावून सांगितलं, "एक तारखेपासून तुजी ड्युटी सकाळची. आठ ते चार. जमलं तं कर, न्हायतर तुज्या जागी दुसरी हाय." बोलताना तो हसला. तेच हसू.

त्याच्या मागे दार वाजत होतं, झोप उडाली होती, गाल बसले होते, आणि तरीही त्याला मला अडवायचं होतं. तोवर मी फक्त बघत होते. त्या दिवशी ठरवलं की आता आपणही काहीतरी करायचं.

पुढच्या खेपेला शेठ आले, तेव्हा त्यांच्याबरोबर मुंबईचे दोन व्यापारी होते. शेठ कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतले. वृद्ध, कमी बोलणारे. लूम थांबतात हे त्यांनी ऐकलं होतं, पण विश्वास नव्हता. ते यायचे तेव्हा मेहताजी काहीतरी निमित्त काढून बाहेरच राहायचा. ते व्यापाऱ्यांना शेडमध्ये घेऊन आले, कापड दाखवत होते. मी पुढे झाले. ओरडून म्हटलं, "शेठ, माझ्या ड्युटीचं बोलायचं होतं. मेहताजींनाही बोलवा ना आत. त्यांच्यासमोरच ठरू दे."

शेठनी दाराकडे बघून हात केला. मेहताजी उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याने मान हलवली, खुणेने सांगितलं की इथूनच बोलतो. शेठनी पुन्हा हात केला. व्यापारी बघत होते. तिसऱ्यांदा शेठच्या कपाळाला आठी पडली, आणि तो आत आला.

मी त्याच्या पायाकडे बघत होते. उंबऱ्याच्या आत टाच टेकली आणि शेवटच्या लुमापर्यंत सगळं एका दमात शांत झालं.

शेठ मराठी-हिंदी मिसळून बोलायचे. हळूच म्हणाले, "ये क्या झाला?"

मेहताजी मधल्या वाटेवरून चालायला लागला, आधी हळू, मग जवळजवळ धावत. शेठच्या अंगावरून, माझ्या अंगावरून थेट कांडीच्या खोलीपर्यंत गेला. दार उघडं होतं, मी म्हटलंच आहे. त्या उघड्या दारासमोर उभा राहून तो हवेत हात मारायला लागला, कडी शोधल्यासारखा. "उघडतो... उघडतो गो... थांब, उघडतो." नुसती रिकामी चौकट, आणि त्यात हा बोटं खुपसतोय. कडी भिंतीला लोंबत होती, तिला हात लागत नव्हता.

शेठ त्याच्यामागे गेले. खांद्यावर हात ठेवला. "किसको उघडतो, मेहताजी?"

"तिला. मीच लावली व्हती कडी. पेपर बुडावा म्हनून लावली व्हती. तिला सांगा आता बस कर."

सगळ्या शेडने ऐकलं. लूम बंद होते, त्यामुळे एकेक शब्द ऐकू गेला. अनसूयाचे वडील तिसऱ्या लुमावर उभे होते. ते तसेच खाली बसले, लुमाच्या पायाशी.

शेठनी त्याच दिवशी त्याला काढलं. तो उंबऱ्याबाहेर गेला, विणकरांनी धागे जोडले, आणि त्यानंतर मी होते तोवर त्या शेडमध्ये असं एकदाही झालं नाही. मला एक ते नऊ वेळ मिळाली. बी.एड. मी त्याच खोलीत बसून पूर्ण केलं. समोरचं स्टूल रिकामं असायचं, प्रश्न विचारायला कोणी नव्हतं, तरी ओठ हलायचे.

दिवाळीत मी सोलापूरला गेले. अनसूयाच्या सासरी किराणा दुकान. माणसं बरी वाटली. तिने चहा आणला, कप माझ्या हातात दिला, आणि मला तिचे हात दिसले. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या पेरांवर आडव्या बारीक रेघा. काही भरत आलेल्या, काही जुन्या. कोणी करकचून धागा ओढला की कातडी कापते ना, तशा.

मी विचारलं, "तू इथेही कांड्या भरतेस?"

"नाही गं. ह्या घरात सुई-दोऱ्याशिवाय सूत नाही." तिने हात पदराखाली घेतले. "दुपारच्याला व्हायचं. काम करता करता एकदम कापायचं. सासूबाई म्हणायच्या, विळीवर लक्ष दे. आता थांबलंय."

मी तिला सगळं सांगितलं. लूम, कांड्या, शेठ, कबुली. ती शांतपणे ऐकत होती. आश्चर्य नाही, आनंद नाही. शेवटी तिने एकच विचारलं, "त्याला दार उघडता आलं?"

"अगं दार उघडंच होतं."

"पण त्याला उघडता आलं का?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

त्याची पुढची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. दुसऱ्या कारखान्यात लागला, तिथेही तेच. तिथून पडघ्याच्या बाजूला एका नव्या शेडमध्ये, तिथेही. भिवंडीत बातमी लपत नाही. दिवाळीच्या आतच त्याला कुणी दारातही उभं करेना. मी शिक्षिका झाले. नव्वद साल उलटून काही वर्षं झाली असतील, एकदा मधल्या सुट्टीत शिपायाने सांगितलं, कोणी भेटायला आलंय. बघते तर हा. निम्मा झाला होता. हात जोडून म्हणाला, "बाई, वज्रेश्वरीला नारळाचं दुकान टाकलंय. लूम न्हाय तिथं एक बी. तरी वाजतंय. सगळं शांत झालं का वाजतंय. तुमी तिला सांगा ना."

शाळेसमोर एस.टी.डी. बूथ होता. मी म्हटलं, चला. तो काचेबाहेर उभा राहिला, मी सोलापूरला दुकानावर फोन लावला. अनसूया आली. मी सांगितलं, कोण आलंय आणि काय म्हणतोय.

तिने आधी समोरच्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून दिले, ते मला ऐकू आलं. मग ती म्हणाली, "माझा अर्थशास्त्राचा पेपर राहिलाय. तो दे म्हणावं."

"काय?"

"त्याला म्हणावं, दिवसभर काम कर, सकाळी कॉलेजला जा, तीन वर्षं अभ्यास कर आणि माझा पेपर दे. मग बघू."

मी काचेचं दार उघडून त्याला शब्दन्‌शब्द सांगितलं. सौम्य केलं नाही. तो म्हणाला, "बाई, मी सातवी शिकलोय."

मी म्हटलं, "ते तिला माहीत आहे."

तो वज्रेश्वरीच्या गाडीला गेला. मी परत वर्गावर गेले, आणि मला आठवतंय, त्या तासाला मी फार छान शिकवलं.

अनसूयाने पुढे बी.ए. केलं, सगळं पहिल्यापासून, बाहेरून फॉर्म भरून. पहाटे अभ्यास, दिवसभर दुकानाचा गल्ला, दोन मुलं. निकाल लागला त्या दिवशी तिचा फोन आला, तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो, थोड्या रडलो. मग मी म्हटलं, "आता झालं ना तुझं. आता सोड त्याला."

ती म्हणाली, "मी कुठे धरलंय? मला तर काही करताच येत नाही, विशाखा. मला नुसता राग येतो."

"मग अजून येतो?"

"पदवी मिळाली म्हणून राग कशाला जाईल?"

मी कापडउद्योगातल्या एका इंजिनिअरना हे विचारलं आहे. ते म्हणाले, हवेतला ओलावा, व्होल्टेज, सुताचा दर्जा — आणि मग स्वतःच म्हणाले, पण सगळे एकदम? आणि तोच माणूस आल्यावर? डॉक्टरांना त्याच्या कानांबद्दल विचारलं, ते म्हणाले, अपराधीपणाने माणसाला काहीही ऐकू येतं. असेल. पण सोलापुरातल्या एका बाईच्या हातावर सूत न लावता सुताचे वळ कसे उठले, हे त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही. जिवंत, हसत्याखेळत्या, भाजी निवडणाऱ्या माणसाचा राग असा शे-दोनशे कोसांवर जाऊन काम करतो का, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी असं काही ऐकलं असेल तर जरूर लिहा.

फक्त एक विनंती. त्याला सोडवायचा उपाय कुणी सुचवू नका. तो आम्हा दोघींनाही नको आहे.